मूठ उघडणाऱ्या हातपट्टीसोबत नऊ महिने

पक्षाघातानंतर उजवा हात गेला असे सगळे म्हणत, मला मात्र तो मिटल्यासारखा वाटे. बोटे वळवणारे स्नायू ताठरलेले आणि ती उघडणाऱ्या स्नायूंत बळच नाही, त्यामुळे वस्तू हातात कोंबली तर धरली जाई, पण सुटत नसे. नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून मुठीत गुंडाळलेला रुमाल ठेवावा लागे. गेले नऊ महिने मी फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन, म्हणजेच एफईएस, पद्धतीची हातपट्टी रोज वापरते आहे.

पट्टीच्या आत जेलचे इलेक्ट्रोड असतात आणि ते हाताच्या मागच्या बाजूच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसांना विजेचे सूक्ष्म झटके देतात. माझ्या यंत्रात ते सेकंदाला 35 वेळा बसतात. ही कल्पना नवी नाही. चालताना लोंबणारे पाऊल उचलण्यासाठी वैद्यकीय संशोधक लिबरसन यांनी ती 1961 मध्येच मांडली होती. मात्र नस आणि स्नायू यांचे नाते शाबूत असेल तरच हे जमते. पक्षाघातात किंवा मज्जारज्जूच्या अनेक दुखापतींत ते बहुधा शाबूत असते. खांद्याजवळ नसच तुटली असेल तर या पट्टीवर पैसे घालू नयेत. पेसमेकर असलेल्यांनी किंवा फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

पहिले तीन आठवडे निव्वळ जागा शोधण्यात गेले. इलेक्ट्रोड जेमतेम सेंटिमीटरभर सरकला तरी मनगट तेवढे वर उचलले जाई आणि बोटे उघडण्याऐवजी अधिकच आवळली जात, कारण मनगट मागे वळले की बोटे मिटवणाऱ्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आपोआप ताणल्या जातात. त्यात तळवा वर केला की कातडी स्नायूवरून सरकते आणि टेबलावर नेमकी साधलेली जागा कपाटासमोर चुकते. शेवटी रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी पेनाने खुणा केल्या. त्यांतली एक माझ्या तिळाच्या अगदी शेजारी आल्यामुळे आता पेन लागत नाही.

दुसरी अडचण थकव्याची. आपण स्वतः हात हलवतो तेव्हा शरीर आधी सावकाश, चिवट तंतू कामाला लावते. वीज मात्र मोठ्या, लवकर दमणाऱ्या तंतूंना आधी आणि एकदमच जागे करते. म्हणून वीस मिनिटांनी माझी बोटे निम्मीच उघडतात. दुसऱ्या महिन्यात मी हौसेने पाण्याचा पेला उचलला, प्याले, आणि ठेवण्याच्या वेळी बटण दाबले तर बोटे नुसतीच थरथरली. पेला टेबलावर टेकवून डाव्या हाताने एकेक बोट सोलून काढावे लागले. तेव्हापासून उचलण्याआधी ‘सुटेल का?’ हे मी तपासते.

यंत्रावरचा सर्वांत कंटाळवाणा सराव मला सर्वांत उपयोगी ठरला. त्यात बटण दाबायचे नसते. यंत्र स्नायूतला माझाच क्षीण विद्युत्-संकेत ओळखते आणि तो ठरावीक पातळी ओलांडेपर्यंत वीज देत नाही. कधी दहा प्रयत्नांत एकदाच दाद मिळते, आणि खरे सांगायचे तर पट्टी भिरकावून द्यावीशी वाटते. तरीही अडीच सेंटिमीटरचे ठोकळे मिनिटभरात एका खणातून दुसऱ्या खणात टाकण्याच्या चाचणीत, पट्टी न बांधता, सुरुवातीला शून्य असलेला माझा आकडा आता सातवर आला आहे. निरोगी प्रौढ माणूस त्यात साठ सहज ओलांडतो, तेव्हा हुरळून जाण्यासारखे यात फारसे नाही. शिवाय याचबरोबर व्यायामही रोज चालू होता, त्यामुळे श्रेय एकट्या यंत्राला देता येत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. एका हाताने जगणाऱ्यांसाठी बनवलेल्या या पट्टीचा चाप लावायला दोन हात लागतात. उत्पादकांना लिहिले, तर घरच्यांची मदत घ्यावी असे उत्तर आले. मी आता पट्टीचे टोक टेबलाच्या कडेशी दाबून दातांनी ओढते. जेलचे इलेक्ट्रोड तीनेक आठवड्यांत सुकतात आणि सुकलेला इलेक्ट्रोड टोचतो, कातडी लाल करतो. ते पुढे किती वर्षे मिळतील हे विकत घेण्याआधीच विचारावे. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर पकड देणारे ‘फ्रीहँड’ हे शरीरात बसवायचे यंत्र अमेरिकेत 1997 मध्ये मंजूर झाले आणि काही वर्षांतच त्याची विक्री थांबली. ते ज्यांच्या शरीरात होते, त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. 2021 मध्ये तिथेच मंजूर झालेल्या, पक्षाघातानंतर हाताच्या व्यायामाबरोबर व्हेगस नसेला (मेंदूतून मानेवाटे खाली जाणाऱ्या नसेला) उद्दीपन देणाऱ्या, शरीरात बसवायच्या यंत्राविषयी मला विचारले होते. शस्त्रक्रिया नको म्हणून मी तूर्त नकार दिला.

सध्या उजव्या हाताने बरणी धरते, डाव्याने झाकण फिरवते आणि मग बरणी स्वतः सोडते. रुमाल दिवसा लागत नाही. रात्री मूठ अजून मिटते, तेव्हा तो उशीजवळ असतो.