पाळीच्या कळा: गोड गोळ्या की मेफेनामिक?

रत्नागिरीला कॉलेजात असलेल्या भाचीने रात्री फोनवर विचारलं, "मावशी, होमिओपॅथी सुरू करू की मेफेनामिकच घेत राहू?" मेफेनामिक म्हणजे दुखणं थांबवणारी गोळी. दोन्ही मी केलंय.

होमिओपॅथीचे डॉक्टर आधी पाऊण तास विचारत बसतात. शेकल्यावर, दाबल्यावर बरं वाटतं का? मग मॅग फॉस. पोटाशी गुडघे घेऊन दुमडून पडावं लागतं? कोलोसिंथ. पाळी उशिरा, अंगावरून कमी, नि जरा काही झालं की रडू? पल्सेटिला. इतकं नीट मला कुणी कधी विचारलं नव्हतं. पण या औषधांच्या बाटलीवरचं ३० सी म्हणजे शंभरात एक भाग असं तीस वेळा पातळ केलेलं. मूळ औषधाचा कणही त्यात उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली सगळा अभ्यास चाळला, तर एकाही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

मला मॅग फॉस गरम पाण्यात विरघळवून घोट घोट प्यायला सांगितलं होतं. पोटावर रबराची पिशवी. उतार पडायचा. पण पिशवीच कळा उतरवते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळा आपसूक ओसरतातच, नि श्रेय पुडीला जातं.

मेफेनामिकचं काम सरळ आहे. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं. गोळी ते तयारच होऊ देत नाही. म्हणून लोळायला लागल्यावर नको, पहिली कळ आली की घ्यायची, आणि वाटीभर पेज खाऊन. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गोळीनंतर ताप आला, अंगावर पुरळ उठलं, तर बंद करून लगेच डॉक्टर गाठायचे. २०२३ अखेरीस सरकारी औषध यंत्रणेनेही तसा इशारा दिला होता. खर्चाचं म्हणाल तर दोन्ही परवडतं.

माझं मत मेफेनामिक आणि शेक. पुड्या घ्यायच्या तर घे, पण त्यांच्या भरवशावर थांबू नकोस. मी वर्षभर थांबले. कळा दर महिन्याला वाढत होत्या, पाळी नसतानाही ओटीपोट दुखायचं, आणि घरात "लग्न झालं की थांबेल" चालूच. शेवटी भर पावसात एसटीने रत्नागिरी गाठून सोनोग्राफी केली, तर चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयात साचलेल्या जुन्या रक्ताची गाठ, निघाली.

त्या पाऊण तासातले प्रश्न मात्र मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले होते: कळ कधी सुरू होते, कुठे जाते, किती पॅड लागतात. भाचीला म्हटलं, या पाळीपासून कॅलेंडरवर लिहायला लाग.