ऑटो सीपॅप निवडताना: कोणतं मशीन कोणाला सोसेल

झोपेत घसा अरुंद होऊन श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा देणारी आणि गरजेप्रमाणे तो दाब स्वतःच कमीजास्त करणारी ऑटो सीपॅप मशीनं कागदावर सारखीच दिसतात. दाब ४ ते २० सेंटिमीटर पाणी (हवेचा दाब याच एककात मोजतात), आवाज ३० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी, सोबत हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर. फरक जाणवतो तो रात्री दाब वाढताना आणि श्वास सोडताना. म्हणून निवड करताना आधी हे पाहावं, की मशीन घरी आणल्यावर काय बदलता येईल आणि काय नाही. मास्क बदलता येतो, दाबाच्या मर्यादा बदलता येतात, ओलावा कमीजास्त करता येतो. दाब वाढवायची पद्धत, श्वास सोडताना दाबात मिळणारी सूट, नळी-ह्युमिडिफायरची रचना आणि नोंदी पाहायची सोय मात्र मशीनसोबत जशी येते तशीच राहते. तुलना या चार गोष्टींची करावी. स्क्रीन टच आहे की बटणांची, हे शेवटी पाहिलं तरी चालतं.

त्याआधी एक अट. ऑटो मशीन अवरोधी प्रकारच्या, म्हणजे घसा बंद होऊन झोपेत श्वास थांबणाऱ्या, स्लीप अ‍ॅप्नियासाठी असतं. हृदय निकामी होण्याचा आजार, फुफ्फुसांचा जुना आजार, लठ्ठपणामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणं किंवा झोपेच्या तपासणीच्या अहवालात सेंट्रल अ‍ॅप्निया (मेंदूकडून इशाराच न आल्याने श्वास थांबणं) लक्षणीय असणं, यांपैकी काही असेल तर ऑटोचा विचार डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नये. अशा रुग्णांना अनेकदा बायलेव्हल (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं) किंवा वेगळंच मशीन लागतं.

दाब वाढवायची पद्धत

रेसमेडची एअरसेन्स १० आणि एअरसेन्स ११ ही मशीनं श्वासाच्या लाटेचा आकार पाहतात. घोरणं सुरू होण्याआधीच लाटेचा माथा चपटा होऊ लागला, म्हणजे घसा अरुंद होतोय, हे ओळखून दाब चटकन वाढवतात. श्वास थांबायच्या आत अडथळा धरला जातो, हा मोठा फायदा. तोटा असा, की ज्यांची झोप हलकी आहे त्यांना दाबाची ही चढउतार जागं करते आणि सैल मास्क प्रत्येक चढावर गळतो. यावर सेटिंगमध्ये ‘सॉफ्ट’ प्रतिसाद मिळतो. तो निवडला की चढण मंद होते. याखेरीज ‘फॉर हर’ नावाची आणखी सौम्य पद्धत आहे. एअरसेन्स १० मध्ये ती वेगळ्या मॉडेलमध्ये येते, ११ च्या ऑटोसेट मॉडेलमध्ये आतच आहे. नाव काहीही असो, दाबाच्या चढउताराने जाग येणाऱ्या पुरुषांनीही ती डॉक्टरांशी बोलून वापरून पाहायला हरकत नाही.

फिलिप्सचं ड्रीमस्टेशन २ वेगळ्या स्वभावाचं. ते थोडा दाब वाढवून श्वास सुधारतो का हे चाचपतं, सुधारला नाही तर मागे येतं. झोपेत ते कमी खुपतं. पण उताणं वळल्यावर किंवा स्वप्नांच्या झोपेत अडथळे एकामागून एक आले, तर त्याला तिथवर पोचायला वेळ लागतो. अशा मशीनवर किमान दाब फार खाली ठेवणं महागात पडतं.

लोवेनस्टाइनच्या प्रिज्मा स्मार्टमध्ये ‘स्टँडर्ड’ आणि ‘डायनॅमिक’ असे दोन पर्याय आहेत, म्हणजे शांत आणि चपळ हे दोन्ही स्वभाव एकाच डब्यात. फिशर अँड पायकेलच्या स्लीपस्टाइलचं वैशिष्ट्य सेन्सअवेक: श्वासाची लय बिघडली, म्हणजे माणूस जागा झाला, असं ओळखून ते दाब खाली आणतं. मध्यरात्री जाग आल्यावर जोराच्या हवेशी झटापट करत मास्क काढून टाकणाऱ्यांसाठी हे मशीन पहिल्यांदा पाहावं.

श्वास सोडताना

‘हवा आत येते ते ठीक, पण बाहेर टाकताना जोर लागतो’ ही नव्या वापरकर्त्यांची नेहमीची तक्रार. एअरसेन्सवर याला ईपीआर म्हणतात: १, २ किंवा ३ सेंटिमीटर सूट, आणि ती श्वास सोडून होईपर्यंत टिकते. फिलिप्सची फ्लेक्स सूट उच्छ्वासाच्या सुरुवातीला मिळते आणि श्वास संपता संपता दाब पुन्हा वर येतो. प्रिज्मावर याच कामाला सॉफ्टपॅप आहे. ज्यांना छाती अडखळल्यासारखी वाटते त्यांना बहुधा ईपीआर जास्त आवडतो.

पण इथे एक हिशेब दुकानात कोणी सांगत नाही. मशीन कधीच ४ च्या खाली जात नाही. किमान दाब ४ असेल तर ईपीआर ३ लावूनही त्या पातळीवर सूट शून्य. पूर्ण ३ ची सूट हवी तर किमान दाब निदान ७ हवा. ‘सूट लावली तरी काही फरक नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. श्वास सोडतानाचा दाबच घसा उघडा धरत असतो, त्यामुळे सूट वाढवल्यावर अडथळे वाढले तर किमान दाब तेवढाच वर न्यावा लागतो. काही जणांत सूट जास्त असली की सेंट्रल घटनाही वाढतात. नोंदींत त्या दिसल्या तर सूट एकेक पायरीने कमी करावी.

याच कारणाने कारखान्यातून येणारी ४ ते २० ही सेटिंग मला मशीनचा दोष वाटत नाही, बसवणाऱ्याचा आळस वाटतो. मोठ्या माणसाला ४ वर गुदमरल्यासारखं होतं. ६-७ पासून सुरुवात बहुतेकांना सुसह्य जाते. वरचं टोक २० वर मोकळं सोडलं की दाब वर चढतो, मास्क गळतो, हवा पोटात जाते आणि सकाळी पोट फुगलेलं असतं. आठवडाभराच्या नोंदींतला ९५ टक्केवाला दाब पाहावा (रात्रीचा ९५ टक्के वेळ दाब त्याच्या आत होता) आणि डॉक्टरांच्या संमतीने मर्यादा त्याभोवती आवळाव्यात. एअरसेन्सचा ऑटो रॅम्प झोप लागेपर्यंत दाब खाली धरतो. झोप ओळखता आली नाही तरी अर्ध्या तासाने तो वर जातोच.

ओलावा आणि नळी

नाक कोरडं पडणं आणि नळीत पाणी साठून मास्कमध्ये गुळगुळणं, या दोन टोकांच्या मध्ये रात्र काढायची असते. पाणी साठतं ते गरम ओली हवा थंड नळीत निवल्यामुळे, त्यामुळे खोली गार असेल तर तापणारी नळी ही चैन नाही, गरज आहे. एअरसेन्स १० आणि ११ दोन्हींच्या टाकीत ३८० मिलिलिटर पाणी मावतं, पण तापणाऱ्या नळ्या एकमेकांना बसत नाहीत. जुनी नळी वापरू, या भरवशावर ११ घेऊ नये. स्लीपस्टाइलमध्ये ह्युमिडिफायर अंगातच आहे, प्रिज्माचा वेगळा करता येतो. साधी नळी लावायची असेल तर १५ मिलिमीटरची बारीक नळी अंगावर हलकी वाटते, पण एअरसेन्सच्या मेनूमध्ये नळीचा प्रकार बदलावा लागतो. तो विसरला तर मशीन दाबाचा हिशेब चुकीच्या नळीवर करतं.

प्रवासासाठीचं एअरमिनी फक्त ३०० ग्रॅमचं. त्यात पाण्याची टाकी नाही. उच्छ्वासातला ओलावा धरून परत देणारी छोटी गाळणी असते. ते ठरावीक मास्कांनाच, खास जोडणीने बसतं, आणि आवाज टेबलावरच्या मशीनपेक्षा जास्त जाणवतो. दुसरं मशीन म्हणून उत्तम. रोजच्या वापरासाठी एकमेव मशीन म्हणून मात्र त्याची शिफारस करणं कठीण आहे.

नोंदी

एअरसेन्स १०, ११ आणि प्रिज्मा स्मार्टमध्ये एसडी कार्ड बसतं. एअरसेन्सचं कार्ड ऑस्कर या मोफत संगणक प्रणालीत उघडलं की प्रत्येक श्वासाची लाट दिसते. फोनवरच्या अ‍ॅपमधले गुण उत्साह वाढवायला ठीक, पण रात्री तीन वाजता दाब कुठे होता आणि गळती कधी सुरू झाली हे त्यातून कळत नाही. रेसमेडच्या नोंदींत गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर राहत असेल तर बाकीचे आकडे फारसे विश्वासाचे नाहीत; आधी मास्क नीट करावा. एअरमिनीला कार्डच नाही, सगळं फोनवर. ज्यांना स्वतः सेटिंग समजून घ्यायची आहे त्यांनी हा मुद्दा मशीनच्या दिसण्यापेक्षा वर ठेवावा.

वापरलेलं मशीन घेताना

जून २०२१ मध्ये फिलिप्सने पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशनसह अनेक मशीनं परत मागवली. आतला आवाज शोषणारा पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेच्या मार्गात येण्याचा धोका होता. ओझोनने मशीन स्वच्छ करणाऱ्या उपकरणांमुळे ही झीज वाढते, म्हणून ती उपकरणं कुठल्याही सीपॅपला लावू नयेत. जुनं ड्रीमस्टेशन कितीही स्वस्त मिळालं तरी क्रमांक तपासल्याशिवाय हात लावू नये. ड्रीमस्टेशन २ मध्ये हा फोम नाही, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यातली काही मशीनं जास्त तापत असल्याबद्दल सावध केलं होतं. वास, धूर किंवा असाधारण गरमपणा जाणवला तर प्लग काढावा.

मास्क ठरवताना एकच ताकीद: पट्ट्यांना चुंबक असलेले मास्क पेसमेकर किंवा शरीरात धातूचं उपकरण असलेल्यांनी घेऊ नयेत. शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात तसं काही असेल तरीही नको.

एका कुशीवर झोपणाऱ्याने, नाक मोकळं असेल तर, आधी नाकपुडीचे मास्क पाहावेत. पूर्ण चेहऱ्याचा मास्क उशीला टेकला की सरकतो आणि त्याला दाबही बरेचदा जास्त लागतो. तोंड उघडं राहत असेल तर मात्र तोच बरा. चाचणी दुकानातल्या खुर्चीत बसून ४ च्या दाबावर करू नये, तिथे कुठलाही मास्क छानच बसतो. आडवं व्हावं, नेहमीच्या कुशीवर वळावं आणि दाब १० ते १२ वर नेऊन पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहावं. डोळ्यांकडे हवा आली तर पट्टे आवळण्याआधी उशीचा आकार किंवा मास्कचं माप बदलून पाहावं.