नदी एक, राज्यं दोन: फीनिक्स सिटी की कोलंबस?

अमेरिकेत कोलंबसमध्ये (जॉर्जिया राज्य) नोकरी मिळाली की घर कुठे घ्यायचं, हा प्रश्न येतोच. चॅटाहूची नदीपलीकडे अलाबामातलं फीनिक्स सिटी. २०२० च्या जनगणनेत तिथे सुमारे ३९ हजार माणसं, कोलंबसमध्ये सुमारे २ लाख ७ हजार.

घरपट्टी: खरा फरक इथे. स्वतः राहत्या घराच्या बाजारभावाच्या १० टक्क्यांवर अलाबामा कर लावतं, जॉर्जिया ४० टक्क्यांवर. कोलंबसमध्ये राहत्या घराचं मूल्यांकन गोठवता येतं, पण विक्री झाली की ते नव्याने ठरतं. म्हणजे शेजाऱ्याची जुनी पावती बघून हिशोब मांडू नका.

प्राप्तिकर: अलाबामात राहून जॉर्जियात कमावलं तर दोन विवरणपत्रं. जॉर्जियात भरलेल्या कराची वजावट अलाबामा देतं. ती मागायला विसरलात तर त्याच पगारावर दोनदा कर. किराण्यावर जॉर्जियाचा राज्य विक्रीकर नाही, अलाबामाचा आहे.

घड्याळ: कायद्याने फीनिक्स सिटी तासभर मागे, व्यवहारात मात्र कोलंबसचीच वेळ. फोन कधीकधी घोळ घालतो; टाइम झोन हाताने लावा.

करमणूक आणि मोठी इस्पितळं मुख्यतः कोलंबसकडे. २०१२-१३ मध्ये जुने बंधारे फोडून केलेला राफ्टिंगचा टप्पाही शहराला लागूनच. पलीकडून पादचारी पुलाने चालत येता येतं.

स्वतःचं घर घेऊन दीर्घकाळ राहायचं असेल तर फीनिक्स सिटी. दोन-तीन वर्षं भाड्याने राहणार असाल, किंवा मुलांना पुढे जॉर्जियाची होप शिष्यवृत्ती (राज्याची, कॉलेजच्या शिक्षणासाठी) हवी असेल, तर कोलंबसच. तिला जॉर्जियाचा रहिवास लागतो.