ग्रीन टॅरिफ: युनिटमागे जादा पैसे, आणि मिळतं काय?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसायचं नाव नाही. वॉटरप्रूफिंगचा खर्च कोणी करायचा यावरून वरचा मजला खालच्यांशी धड बोलत नाही. म्हणून मी ग्रीन टॅरिफ घेतला. राज्य वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये याला मान्यता दिली. नेहमीच्या दरावर युनिटमागे थोडे जादा पैसे (2021 मध्ये ठरले ते 66 पैसे) भरायचे, आणि तुमच्या वापराइतकी वीज वारा-उन्हासारख्या स्रोतांतून घेतल्याचं प्रमाणपत्र मिळवायचं. मीटर तोच, वायरही तीच.

सोसायटीचा खजिनदार आहे, त्यामुळे आधी हिशेब. घरी महिन्याला 180 युनिट धरा, म्हणजे त्या 66 पैशांच्या दराने जादा 119 रुपये. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशातल्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 180 युनिटचा झाला 126 किलो. किलोला रुपयासुद्धा पडत नाही. कागदावर स्वस्तच.

कागदावर, असं मुद्दाम म्हणतो. रात्री आठला ऊन कुठलं? तेव्हा माझा फ्रिज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरही चालतो, प्रमाणपत्रात काही का लिहिलेलं असेना. शिवाय ठरावीक वाटा अपारंपरिक विजेचा घेणं वीज कंपन्यांना बंधनकारकच आहे. मग माझ्या जादा पैशांनी त्यावर एखादी नवी पवनचक्की उभी राहते, की घेतलेलीच वीज माझ्या नावावर मांडली जाते? बिल बघून याचा पत्ता लागत नाही. तारे कापले ते इथे.

खरा फरक पंख्यांनी पडला. जुना पंखा 75 वॉट खायचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) 30 वॉटच्या आत भागवतो. रोज बारा तास चालणाऱ्या दोन पंख्यांवर महिन्याला 32 युनिट वाचतात, म्हणजे बावीसेक किलो कार्बन. आणि यात बिल वाढत नाही, उतरतं! (रिमोट हरवला की मात्र घरात कल्ला.)

पाचपैकी तीन तारे. घरगुती ग्राहकाने आधी पंखे बदलावेत, मग उरलेल्या युनिटवर हा दर घ्यावा. परदेशी गिऱ्हाइकाला प्रमाणपत्र दाखवावं लागतं अशा चाकणच्या कारखानदाराला मी चार दिले असते. त्याला कागदच हवा असतो.