चेंबर नवा म्हणे, इंजिन नंबर मात्र जुनाच

ऑइल बदलायला साडेचारशे रुपये लागतात. मी त्या कामासाठी गेलो आणि 6,800 देऊन आलो. कसे, ते सविस्तर लिहितोय, कारण हीच युक्ती तुमच्या गाडीवरही सहज चालेल.

गाडी 2013 ची, दीडशे सीसी, कधी कुरकुर नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात उतरायचं होतं, म्हणून म्हटलं आधी ऑइल बदलून घेऊ. नेहमीचा फिटर गावाला गेलेला. रोज ऑफिसला जाताना एक नवं गॅरेज दिसायचं, बोर्ड चकचकीत, बाहेर सात-आठ गाड्या उभ्या. गर्दी आहे म्हणजे काम चांगलं असणार, हे माझं लॉजिक.

जुनं तेल गळून गेल्यावर पोरानं ड्रेन बोल्ट परत लावला. वॉशर तोच, चपटा झालेला. पान्याला अडीच-तीन फुटी पाइप अडकवला आणि पायानं रेटा दिला. मी शेजारीच चहा पीत उभा होतो. पाइप बघून मनात काहीतरी खटकलं, पण आपल्याला त्यातलं काय कळतंय म्हणून गप्प बसलो. बोल्ट घट्ट होत गेला, अजून घट्ट, आणि मग एकदम लोण्यातनं सुरी फिरावी तसा फिरायला लागला. पोरानं माझ्याकडं नाही, मालकाकडं बघितलं.

मालक हात पुसत आले. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चांदीसारखी एक बारीक तार गुंडाळलेली, पेन्सिल शार्प केल्यावर निघते तशी. "ह्ये बघा साहेब, चेंबरचं आटं. सगळं निघून आलंय. आधीच्यानं खाल्ल्यालं असणार, आमच्या हातात येऊन सुटलं." मग बोल्ट परत आत घालून माझंच बोट त्याच्यावर ठेवलं. फिरवून बघा म्हणाले. फिरत होता.

इथंच मी फसलो, आणि गंमत म्हणजे तोवर फारसं कुणी खोटं बोललंच नव्हतं. आटे गेले होते, खरं. चेंबर म्हणजे इंजिनाचा खालचा, दोन अर्धे जोडून केलेला ॲल्युमिनियमचा डबा, तो मऊ असतो आणि बोल्ट लोखंडी, हेही खरं. अशी गाडी चालवली तर तेल सांडून इंजिन जाम होईल, तेही खरंच. ह्या सगळ्याला मी मान डोलवत गेलो आणि त्याच लयीत पुढच्या वाक्यालाही डोलवली: "आता चेंबर बदलल्याशिवाय इलाज न्हाई. पार्ट, पॅकिंग किट, मजुरी धरून 6,800. संध्याकाळी चारला गाडी घेऊन जावा."

चारला गेलो. इंजिन खालून चकाचक, चांदीसारखं. मी खूश. जुना चेंबर मागितला तर "आत्ताच भंगारवाल्यानं नेला की." बिल मागितलं तर "बुक संपलंय, उद्या देतो." पैसे फोनवरनं दिले, तेही गॅरेजच्या नावावर नाही, कुणाच्या तरी खासगी खात्यावर. ह्यातल्या एकाही गोष्टीवर मी थांबलो नाही. माणूस खूश असला की असा आंधळा होतो.

आठ दिवसांनी गगनबावड्यात चहाला थांबलो. गाडी स्टँडवर, आणि खाली रुपयाएवढा काळा डाग. चहा संपेपर्यंत तो बशीएवढा झाला. मागचं चाक बघितलं तर टायरच्या कडेला तेलाचे शिंतोडे. ड्रेन बोल्ट मागच्या चाकाच्या पुढंच असतो, गळणारं तेल वाऱ्यानं थेट टायरवर जातं. करूळ घाट अजून सुरू व्हायचा होता आणि पाऊस भुरभुरत होता. डिपस्टिक काढली तर टोकालाही तेल लागलं नाही. गाडी छोट्या पिकअपमध्ये घालून कोल्हापूरला परत आणली, त्याचे 1,400 वेगळे.

ह्या वेळी गॅरेज नाही, थेट उद्यमनगर गाठलं. तिथं एका बोळात एक म्हातारे मिस्त्री लेथवर बसतात, मेव्हण्याची ओळख. मी सांगितलं, चेंबर नवीन आहे तरी गळतोय. त्यांनी खाली वाकून बघितलं, नखानं बोल्टभोवती खरवडलं, तर काळी लांबी निघाली. दोन पुड्या कालवून लावतात ना, तसली. लांबीखाली टेफ्लॉन टेपचे थरावर थर, नळाला गुंडाळतात तसे. मग त्यांनी चिंधीवर थिनर घेतला आणि इंजिनाचा डावा खालचा कोपरा पुसला. चांदी चिंधीवर आली. तो स्प्रे होता. खालून माझा इंजिन नंबर वर आला.

"आर.सी. काढा," म्हणाले. काढली. अक्षर न् अक्षर जुळलं.

"नवीन चेंबर कोरा येतोय, मालक. नंबर कंपनीत मारत्यात. ज्या अर्ध्यावर नंबर आणि हा बोल्ट, तो अर्धा बदलला असता तर हितं नंबर कुठनं आला असता? आणि खरंच बदलला असता तर तुम्हाला आर.टी.ओ.ची वारी करायला लागली असती." मग जोडावरचे स्क्रू दाखवले. खाचांत वर्षानुवर्षांची माती-तेलाची खळ तशीच, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. चेंबर बदलायचा तर इंजिन फ्रेममधनं खाली येतं, हेड आणि सिलेंडर सुटतं, एकीकडनं क्लच, दुसरीकडनं मॅग्नेट, आणि मग कुठं ते दोन अर्धे वेगळे होतात. माझं इंजिन हललंही नव्हतं. सहा हजार आठशे रुपयांत मला टेप, लांबी आणि स्प्रे मिळाला होता.

खरी दुरुस्ती मी स्टुलावर बसून बघितली. इंजिन जागेवरच, गाडी एका कडेला कलती. मिस्त्रींनी भोक थोडं मोठं केलं. मग टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत ग्रीस भरलं, चुरा आत न पडता त्यात चिकटावा म्हणून. अर्धा फेरा पुढं, थोडा मागं, मधेमधे बाहेर काढून पुसायचा आणि परत ग्रीस. त्या नव्या आट्यांत स्टेनलेस तारेची स्प्रिंग फिरवत बसवली. हेलिकॉइल म्हणतात तिला, आतून आटे परत मूळ मापाचे होतात, म्हणजे जुनाच 12 एमएमचा बोल्ट चालतो. स्प्रिंगच्या टोकाला एक छोटी दांडी असते, ती शेवटी मोडून बाहेर काढायची. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "ही आत ऱ्हायली तर नवीन दुखणं." नंतर स्वस्तातलं अर्धा लिटर तेल ओतून खालनं वाहू दिलं, कारण ॲल्युमिनियमचा चुरा चुंबकाला लागत नाही, तो धुवूनच काढायला लागतो. नवा वॉशर घातला. बोल्टचे पहिले तीन-चार फेरे बोटांनी, मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच आवळायचा पाना. माझ्या गाडीला 30 न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर. तीन फुटी पाइपवर पाय दिला की किती होत असेल, तुम्हीच हिशोब करा.

वेळ पाऊण तास. पैसे 500, तेल धरून नाही.

1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसलो तर हातात काय होतं? पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट, तोही भलत्याच नावाचा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नसते हे तेव्हा कळलं, पण चेंबर बदलतो असं लिहून दिलेला एक चिटोराही माझ्याकडं नव्हता. बिलावर पार्टचं नाव घ्या, जुना पार्ट समोर ठेवून घ्या आणि इंजिनाला हात लावायच्या आधी नंबराचा फोटो काढा. मी काहीच केलं नव्हतं.

शेवटी फोटो घेऊन त्याच गॅरेजला गेलो. मालक भांडले नाहीत. "पोरांनी गडबड केली असंल," म्हणत दोन हजार परत पाठवले, उरलेले "पुढच्या सर्व्हिसिंगला ॲडजस्ट करू." मी गाडीकडं वळलो तर तोच पोरगा तोच पाइप घेऊन एका काकांच्या गाडीखाली बसलेला. काका बाकड्यावर पेपर वाचत होते. मी जाऊन हळूच म्हटलं, काका, तो पाइप काढायला सांगा, आणि वॉशर नवा मागा.

काकांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "आमची गाडी पहिल्यापासनं ह्यांच्याकडंच असते," म्हणाले आणि पान उलटलं.