प्रश्न विचारावा की क्रम लावून घ्यावा? व्हिडिओ गेमवरील पत्त्यांच्या दोन रचना

व्हिडिओ गेमच्या इतिहासावर घरच्या घरी पत्त्यांचा खेळ करायला बसले, की पहिल्याच आठवड्यात वाटेला दोन फाटे फुटतात. एक वाट सरळ प्रश्नोत्तरांची आहे: एकाने पत्ता वाचायचा, इतरांनी उत्तर द्यायचे. दुसरी क्रम लावण्याची आहे: पत्त्याच्या दर्शनी बाजूला खेळाचे नाव असते, मागे साल असते, आणि खेळाडूने मागची बाजू न पाहता आपला पत्ता टेबलावरच्या रांगेत योग्य वाटेल तिथे सरकवायचा, मग उलटून पाहायचा. पहिलीचे घराणे ट्रिव्हियल परस्यूट या सामान्यज्ञानाच्या खेळाचे, दुसरीचे टाइमलाइन या पत्त्यांच्या खेळाचे. मी दोन्ही प्रकारांचे ५४ पत्त्यांचे एकेक कॅट तयार केले, दोन्ही त्याच माणसांबरोबर खेळून पाहिले आणि अखेर एकच ठेवला. माझ्या घरात जे जुळले ते आपल्याकडे जुळेलच असे नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्नोत्तरांचा कॅट बांधायला अधिक आनंददायक होता, हे मान्य केलेच पाहिजे. या क्षेत्रातल्या हकिकतीच अशा आहेत की त्या प्रश्नात मांडण्याचा मोह आवरत नाही. मारिओ १९८१ च्या डाँकी काँगमध्ये प्रथम आला तेव्हा त्याचे नाव जंपमन होते. अटारी या गेम कंपनीने १९८२ मध्ये ई.टी. या चित्रपटावर काढलेला खेळ इतका पडून राहिला की पुढच्या वर्षी न विकलेल्या मालाबरोबर त्याच्या प्रतीही न्यू मेक्सिकोमधील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या, आणि २०१४ मध्ये त्या खणून वर काढण्यात आल्या. यातली कोणतीही गोष्ट नुसत्या सालात मावत नाही. शिवाय प्रश्नाच्या पत्त्याला चित्र नसले तरी चालते. क्रमाचा पत्ता मात्र चित्राशिवाय उघडाबोडका दिसतो, आणि कंपन्यांची चित्रे परवानगीवाचून वापरणे बरे नव्हे म्हणून मला चौकटीच्या वहीत ठिपके भरून ५४ छोटी चित्रे स्वतःच काढावी लागली.

छपाईतही प्रश्नोत्तरेच सोयीची ठरतात. त्यांची पाठ सर्व पत्त्यांना एकच असते, त्यामुळे कागद थोडा सरकला तरी बिघडत नाही. १२ बाय १८ इंची कागदावर नेहमीच्या आकाराचे १८ पत्ते आरामात बसतात, म्हणजे तीन कागदांत कॅट पूर्ण होतो. क्रमाच्या कॅटमध्ये मात्र प्रत्येक पत्त्याची पाठ वेगळी असते, आणि कागद उलटला की डावीकडचा स्तंभ उजवीकडे जातो, ही बाब पहिल्या फाइलमध्ये मी सपशेल विसरलो. छापून, कापून, कोपरे गोल करून घरी आणलेल्या कॅटमध्ये पाँगच्या पाठीवर १९९७ होते आणि नोकियाच्या सापाच्या खेळावर १९७२. मधला स्तंभ तेवढा जागच्या जागी होता, म्हणून चूक लगेच ध्यानातही आली नाही. ३०० जीएसएमचे, म्हणजे चांगले जाड, तीन कागद वाया गेले. दोष पूर्णपणे माझा होता.

एवढे सगळे पहिल्या वाटेच्या बाजूने असताना तिच्यावरून मन उडाले ते एकाच त्रासामुळे, आणि तो त्रास म्हणजे ‘माहीत नाही’ हे उत्तर.

दिवाळीत घरी सहा जण खेळायला बसलो होतो. ‘पॅक-मॅन कोणी रचला?’ असा पत्ता निघाला. भाच्याने पत्ता पुरता वाचून होण्याआधीच ‘तोरू इवातानी’ म्हटले. पुढचा प्रश्न मेहुणीला होता. ती ‘माहीत नाही’ म्हणाली आणि तिची पाळी संपली. सासऱ्यांनी तीन पाळ्यांत तीनदा तेच म्हटले, चौथ्या पाळीला ते वर्तमानपत्र घेऊन झोपाळ्यावर गेले, आणि अर्ध्या तासाने टेबलाशी भाचा आणि मी असे दोघेच उरलो. त्यातही मी वाचणारा होतो, म्हणजे उत्तर डोळ्यांसमोर असल्याने खेळाबाहेरच. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याला या रचनेत करण्यासारखे काहीच नसते. तर्क चालवायला जागा नाही, अंदाज बांधायला काही धरायला नाही. मी चार पर्याय देऊन पाहिले. त्याने पत्ता खचाखच भरला, खेळाला चाचणी परीक्षेचा वास आला, आणि वाचताना योग्य पर्यायापाशी माझा आवाज किंचित रेंगाळतो हे मेहुणीने दुसऱ्याच डावात ओळखले.

क्रमाच्या कॅटमध्ये ‘माहीत नाही’ म्हणण्याची सोयच नाही, कारण पत्ता कुठेतरी ठेवावाच लागतो. त्याच सासऱ्यांच्या हातात पुढच्या खेपेस नोकियाच्या फोनवरचा साप आला. रांगेत १९९६ चा पोकेमॉन आणि २००२ चा व्हाइस सिटी शेजारी-शेजारी होते, आणि त्यांना या दोहोंपैकी एकाचेही नाव ठाऊक नव्हते. पण ते पत्ता बोटांत धरून म्हणाले, ‘‘हा साप मी पहिल्या मोबाइलवर खेळलो आहे, आणि तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते फुकट झाले २००३ मध्ये. म्हणजे हा त्याच्या आधीचा.’’ मग शेवटचा पत्ता २००२ चा आहे हे पाहून त्यांनी जरा विचार केला, ‘‘फोन घेतला तेव्हा साप काही नवीन नव्हता,’’ असे स्वतःशीच म्हटले आणि पत्ता बरोबर त्या दोहोंच्या मध्ये सारला. उलटल्यावर १९९७ निघाले. भाच्याला इनकमिंगला पैसे पडत हे ऐकूनही माहीत नव्हते, आणि पुढची पाच मिनिटे खेळ थांबला तो या विषयावर.

आपल्याकडच्या खेळाडूंच्या बाबतीत या रचनेला आणखी एक गंमत चिकटते, जी मी आधी दोष समजलो होतो. काँट्रा १९८७ चा, सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा. पण आमच्या घरात ती पिवळी कॅसेट फुंकर मारून खोचली गेली ती १९९५ च्या उन्हाळी सुट्टीत. त्यामुळे माझ्या वयाचा प्रत्येक जण या पत्त्यांना आठ-दहा वर्षे पुढे ठेवतो आणि पत्ता उलटल्यावर भांडतो. हे भांडण मात्र गोड असते, कारण त्यातून कोणाकडे कॅसेट होती, कोण कोणाकडे खेळायला जाई आणि काँट्रात तीस जीव मिळवण्यासाठी कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या, हे सगळे बाहेर पडते.

कडू भांडणे वेगळी असतात, आणि त्यांची तजवीज आधीच करावी लागते. टेट्रिस मॉस्कोत १९८४ मध्ये रचला गेला, पण जगभर घराघरांत गेला तो १९८९ च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रामुळे. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफ या खेळावरची जोड म्हणून आला आणि २००० मध्ये दुकानात. माइनक्राफ्ट २००९ पासून लोक खेळत होते, पण पूर्ण आवृत्ती २०११ ची. मी नियम असा केला की जगात कोठेही, कोणत्याही रूपात लोकांच्या हाती प्रथम पडला ते साल धरायचे. तो डब्याच्या झाकणावर छापला, आणि तरीही वाद उरेल असे पत्ते काढून टाकले. एकाच सालाचे दोन पत्ते आले तर कोणताही क्रम बरोबर मानायचा. प्रश्नोत्तरांतही वाद असतातच, आणि ते बहुधा अधिक चिवट: ‘सर्वाधिक खपलेला खेळ कोणता?’ या माझ्या पत्त्यावर टेट्रिसच्या सगळ्या आवृत्त्या एकत्र मोजायच्या की नाही यावर सगळे अडून बसले. ‘सर्वाधिक’ आणि ‘सर्वांत नवा’ हे शब्द असलेला पत्ता छापल्या दिवसापासून शिळा होऊ लागतो. साल तेवढे शिळे होत नाही.

यादी करताना एक चूक बहुतेकांकडून होईल असे वाटते. आपण ज्या वयात सर्वाधिक खेळलो त्या वर्षांची गर्दी होते. माझ्या पहिल्या यादीत १९९१ ते १९९३ एवढ्यातच डझनभर पत्ते होते, आणि स्ट्रीट फायटर २, मॉर्टल काँबॅट व डूम यांच्यात एकेका वर्षाचे अंतर राहिल्याने डाव नुसता नशिबाचा झाला. आता १९५८ च्या टेनिस फॉर टू पासून पुण्यात तयार झालेल्या २०२० च्या ‘राजी’ या खेळापर्यंत पत्ते पसरले आहेत.

कॅट लवकर पाठ होतो, ही तक्रार दोहोंना लागू आहे. प्रश्नाचा पत्ता एकदा ऐकला की मेलाच. सालाचा पत्ता थोडा जास्त तग धरतो, कारण शेजारी दर वेळी निराळे असतात. तरी सहाव्या डावापर्यंत भाच्याला निम्मी साले तोंडपाठ होती, हे लपवत नाही. आणि त्या सुरस हकिकती? त्या मी पाठीवर सालाखाली दोन ओळींत बसवल्या. पत्ता उलटणाराच त्या मोठ्याने वाचतो, आणि जंपमनची गोष्ट तिथेही तेवढीच रंगते.

ज्यांच्याकडे खेळणारे सगळेच गेमवेडे आहेत, त्यांनी प्रश्नोत्तरे करावीत; तिथे ‘माहीत नाही’ क्वचितच ऐकू येईल आणि छपाईची डोकेदुखीही वाचेल. ठरत नसेल तर छापखान्यात जाण्याआधी जुन्या लग्नपत्रिका कापून, कोऱ्या बाजूंवर बॉलपेनने दोन्ही प्रकारचे वीस-वीस पत्ते लिहावेत, घरातल्या सगळ्यांना बसवावे, आणि कोणत्या डावात कोण चहा टाकायला म्हणून उठते आणि परत येत नाही, एवढे पाहावे.