नागपूरच्या महाल भागातल्या शिलाईच्या दुकानात आठ महिने रेडिओ

जूनमध्ये बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीहून, छोटा ट्रान्झिस्टर आणला. एफएम आणि मीडियम वेव्ह, दोन्ही लागतात. सकाळी दहा ते रात्री साडेआठ तो दुकानात सुरूच असतो. आमच्या धंद्यात हात आणि डोळे अडकलेले, कान तेवढे मोकळे. म्हणून रेडिओच्या डब्याबद्दल थोडं आणि त्यातून जे ऐकलं त्याबद्दल जास्त लिहिते.

डबा ठीक. तिसऱ्या महिन्यात अँटेना बुडाशी ढिली झाली, ती दोऱ्याने आवळून बांधली आहे. खरी अडचण वेगळीच निघाली. आकाशवाणी नागपूर मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं आणि माझ्या मशीनची मोटर फिरली की त्यावर नुसती खरखर. मोटरमधल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांचा हा प्रताप, असं रिपेअरवाल्या भाऊंनी सांगितलं. पेडलवरून पाय काढला की बाई परत बोलायला लागते. एफएमला मात्र काही होत नाही. मग वाटणीच पडली. मशीनवर पिको-फॉल करताना एफएम, हाताने हुक-काजं करताना आकाशवाणी.

आता एफएमचं. सकाळच्या वेळी खासगी स्टेशनांवर इथलीच पोरं बोलतात. बहुतेक हिंदीतच, पण ती नागपूरची हिंदी, 'काहून बे' (का रे) मधूनच डोकावणारी. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आमच्या कानाला हिंदी परकी नाही. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, त्यातली एक पोरगी मिरवणुकीतूनच बोलत होती. यंदाचा बडग्या, म्हणजे टिंगलीचा पुतळा, कोणावर काढलाय, कोणता रस्ता बंद आहे, सगळं सांगत होती. मी लगेच दोन गिऱ्हाइकांना फोन करून कळवलं, चारनंतर या. रेडिओने माझं काम केलं ते असं.

रात्री साडेसातनंतर चित्र बदलतं. एका स्टेशनवरचा निवेदक दर दहा मिनिटांनी 'अपना नागपूर' म्हणायचा. मला वाटायचं, बसला असेल इथंच कुठंतरी. जुलैत एका संध्याकाळी धो-धो पाऊस. नरेंद्र नगरच्या पुलाखाली पाणी भरलं, माझी कारागीर पोरगी पलीकडे अडकली, तिचा फोन आला. आणि हा म्हणतो, मौसम मस्त आहे, लाँग ड्राइव्हला निघा! पुढच्या आठवड्यात पुण्याच्या भाचीशी बोलत होते, तर तिच्या मागे तोच आवाज, तोच सासू-सुनेचा विनोद. फक्त 'अपना पुणे'. भाची म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे एको येतोय का?" एको कसला, दोन गावांना एकच माणूस वाटून दिलेला.

यात बेकायदा काही नाही. सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणानंतर खासगी कंपनीला आपल्याच साखळीतल्या स्टेशनांवर देशभर एकच कार्यक्रम लावता येतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा घ्याव्या लागतात, हेही खरं. पण वाहतूक, हवामान, पाणी-वीज यांची माहिती द्यायला त्याच नियमांत मोकळीक आहे. म्हणजे पुलाखालचं पाणी सांगायला कोणी हात धरला नव्हता. सांगायला माणूस गावात हवा, एवढंच.

बाहेरून येतं म्हणून मी नाकं मुरडते असं समजू नका. दुपारी एफएमच्या १००.६ वर आकाशवाणीची विविध भारती लावते. ते तर बहुतेक मुंबईतून, मधल्या जाहिराती इथल्या. विविध भारती १९५७ पासून चाललीय. 'सखी सहेली'त कुठल्या कुठल्या गावांची नावं येतात. माझ्या पासष्टीच्या गिऱ्हाइकीण काकू 'भूले बिसरे गीत' चुकवत नाहीत. विविध भारतीवाले आपल्या गावाचे आहोत असं सोंग घेत नाहीत, म्हणून रागही येत नाही. मोबाइलवाली पोरं हसतात, गाणी तर फोनवर आहेतच म्हणतात. बरोबरच आहे. गाण्यांसाठी आता रेडिओ कोण लावतो?

आकाशवाणीचा मोबाइल ॲपही करून पाहिला. खरखर गेली, पण डब्यातला आवाज पुढे आणि फोनमधला मागून रेंगाळत येतो, शिवाय कोणाचा फोन आला की कार्यक्रम बंद. महिनाभरात सोडला.

आकाशवाणीचंही सगळंच गोड नाही. काही भाषणं कागदावरून वाचल्यासारखी, आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये एवढी शांतता की सेल संपले वाटावं. तरी सप्टेंबरातली एक संध्याकाळ सांगते. काटोलकडचे एक काका मुलीचे ब्लाउज न्यायला आले होते. शेतीच्या कार्यक्रमात कोणीतरी आंबिया बहाराच्या (उन्हाळ्याआधी फुलणाऱ्या) संत्र्याच्या फळगळीबद्दल बोलत होतं, वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. माझं शेवटच्या ब्लाउजचं अस्तर राहिलं होतं, मी पेडलवर पाय ठेवला आणि खरखर सुरू.

"बाई, जराशीक मशीन बंद ठेवता का वो?"

ठेवली. त्यांनी खिशातून पावती काढली, तिच्या पाठीमागे औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून घेतलं. मी तोवर दुसऱ्या कोणाचीतरी बाही उसवत बसले.